मूळ रंग

मॅटाडोर विकत घ्यायला मला खिशात हात घालावा लागला नाही. ती घरचीच होती. अण्णा गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्याने ट्रॅक्टर घेतला, विहिरीवरची मोटार सामायिक राहिली आणि गोठ्यामागे उभी असलेली पिकअप कुणीच मागितली नाही. तिच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. भंगारवाला किलोच्या भावाने न्यायला तयार होता, वर उचलायला क्रेन त्याचीच. मी म्हटलं, राहू दे, मी बघतो. पुण्यात बँकेत खुर्चीवर बसून आयुष्य काढलेल्या माणसाने हे म्हणावं याचं सगळ्यांना हसू आलं. आई तेवढी म्हणाली, ‘बघ बाबा, पण कोंबड्यांची सोय आधी कर.’

नारायणगावच्या शिवारात ऐंशीच्या दशकात टोमॅटो वाढला आणि त्याबरोबर मॅटाडोरी वाढल्या. बजाज टेम्पोचा आकुर्डीचा कारखाना आमच्यापासून लांब नव्हता, गाडीची वंशावळ मात्र थेट हॅम्बुर्गला जाते. तिथल्या विडाल अँड सोन कंपनीच्या टेम्पो गाड्यांवरून नवलमल फिरोदियांनी 1958 मध्ये इथे तीनचाकी टेम्पो सुरू केला. चारचाकी मॅटाडोर आली 1969 मध्ये. दरम्यान ती जर्मन कंपनी हानोमागकडे गेली, हानोमागचा हा व्यवसाय डाइमलर-बेंझकडे, आणि काही वर्षं हीच गाडी तिकडे मर्सिडीजचा तारा लावून विकली जात होती. जर्मनांनी ती 1977 मध्ये बंद केली. आम्ही तिच्यात त्यानंतर वीसेक वर्षं टोमॅटो भरले.

अण्णांच्या गाडीत ओएम 616 इंजिन होतं. 2.4 लिटरचं, चार सिलिंडरचं डिझेल. मर्सिडीजच्या 240 डी मोटारीत असायचं तेच. ही बातमी अण्णांनी आयुष्यभर पुरवून वापरली. लग्नाच्या बैठकीत कुणी आपल्या फियाटचं कौतुक लावलं की ते शांतपणे सुपारी कातरत म्हणायचे, ‘आमचं इंजिन मर्सिडीजचं आहे.’ ते खरंच होतं, त्यामुळे समोरच्याला काही बोलताही यायचं नाही.

मॅटाडोर पुढच्या चाकांनी ओढते. इंजिन, गिअरबॉक्स, सगळं पुढेच, मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्टच नाही. म्हणून हौद्याचा तळ जमिनीच्या इतका जवळ ठेवता आला. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे गाडी लागली की हमाल आधी आमच्याकडे वळायचे, कारण पाठीवरची पाटी घेऊन कमी वाकावं लागे. त्यातल्या एकाने मला पहिल्यांदा हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मध्ये नेऊन झुणका-भाकर खाऊ घातली होती. अण्णा तोवर आडत्याकडून पट्टी घेत असायचे. पट्टी खिशात ठेवताना त्यांचा चेहरा पाहिला की परतीच्या वाटेवर वडापाव मिळणार की नाही ते कळायचं.

पण याच गुणाचा घाटात दोष व्हायचा. मागे माल भरला की पुढची चाकं हलकी होतात, आणि चढावर भार आणखी मागे सरकतो. परतीला खताची पोती भरून पावसात खेडचा घाट चढताना चाकं जागेवर फिरायची, गाडी फुरफुरायची आणि पुढे सरकायची नाही. त्यावर अण्णांचा उपाय म्हणजे आम्ही मुलं. हौद्यातली पोरं ते केबिनमध्ये पुढे कोंबायचे. केबिनमध्ये इंजिन दोन सीटांच्या मधोमध, झाकणाखाली. त्यावर गोणपाट टाकून मी बसायचो. पोटरीला चटके, नाकात डिझेल, कानात ते खडखडणं. आम्ही चारदोन हडकुळी पोरं पुढे बसून चाकांना कितीशी पकड येणार होती कोण जाणे, पण गाडी वर चढली की श्रेय आम्हाला मिळायचं.

मी शिकायला बाहेर पडलो आणि गाडीशी संबंध सुट्टीपुरता उरला. नारायणगाव तमाशाचं गाव. गुढीपाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. एका हंगामात टोमॅटोला भावच नव्हता, तेव्हा अण्णांनी गाडी एका फडाला भाड्याने दिली. सामान उतरवताना तंबूचा खांब हौद्याच्या उजव्या बाजूवर आदळला आणि पत्र्याला परातीएवढा पोचा पडला. फडमालकाने दुरुस्तीचे पैसे जागेवर रोख दिले. ते पैसे माझ्या होस्टेलच्या डिपॉझिटला गेले आणि पोचा तसाच राहिला.

आता मेस्त्री. आमच्या भागात मॅटाडोरचं इंजिन डोळे मिटून खोलणारे जे थोडे लोक उरलेत त्यांच्यातला हा एक. सत्तरी ओलांडलेला, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्याने पहिल्या दिवशी इंजिनाकडे पाहिलंच नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली सरपटत गेला आणि चासीला टोचत राहिला. ‘इंजिन माणूस बनवतो साहेब, गंज देव बनवतो,’ आतून आवाज आला. पुढचा भाग ठणठणीत होता. हौद्याखालचे आडवे बार मात्र पापडासारखे मोडत होते. टोमॅटोच्या रसाने हे झालं असेल असं मला वाटलं होतं. मेस्त्रीने मान हलवली. पत्रा खाल्ला होता परतीच्या मालाने. पोटॅशचं पोतं म्हणजे जवळजवळ मीठच. फाटलेल्या पोत्यातून सांडलेलं, पावसात भिजलेलं, फळ्यांच्या फटीतून खाली मुरलेलं. जाताना मिळवलेलं येताना खर्च व्हायचं, तेच लोखंडाच्या बाबतीतही झालं होतं.

जे अवघड जाईल असं मी धरून चाललो होतो ते सोपं गेलं. हे इंजिन पुढे ट्रॅक्समध्येही बरीच वर्षं चाललं, त्यामुळे बोअर-पिस्टन, बेअरिंगं, गॅस्केट, सगळं नाना पेठेत मिळालं. लेथवाल्याने हेड फेस करून दिलं, पंपवाल्याने नोझल तपासले. हीटर जुन्या पद्धतीचे, एकामागे एक जोडलेले. एक गेला की चौघंही थंड. चावी फिरवून हीटर द्यायचा, थांबायचं, मग सेल मारायचा, हा अण्णांचा सकाळचा क्रम मी विसरलो होतो, हाताला मात्र तो आठवत होता. रखडलो ते भलत्याच ठिकाणी. दाराच्या काचेचं रबर, हँडल, हेडलाइटची रिंग. जुन्या बाजारात बुधवार-रविवार खेटे घातले. एका विक्रेत्याने मला मॅटाडोरची म्हणून जी रिंग दिली ती भलत्याच गाडीची निघाली. तीच आता बसवली आहे, ठोकून.

कागदांचं लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो. मालवाहू वाहनाला आपल्या राज्यात आठ वर्षांनंतरच पर्यावरण कर लागतो, आणि हिचं फिटनेस कधीच संपलेलं. केंद्राच्या 2021 च्या नियमांत ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आहे: पन्नास वर्षं ओलांडलेल्या दुचाकी-चारचाकींना, 20,000 रुपये भरून, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं घालून. व्यावसायिक वापर चालत नाही, रोजचा वापरही नाही. आमची गाडी एमएच मालिका येण्याआधीच्या तीन अक्षरी नंबरची, म्हणजे म्हातारी खरी, पण पन्नाशीला पोचलेली नाही. शिवाय नियमाला गाडी मूळ रूपात हवी, फारसा फेरफार न झालेली. संस्थानिकाच्या गॅरेजमध्ये कापडाखाली झाकलेल्या मोटारीला हे जमतं. ज्या गाडीने पोट भरलं तिच्यात फेरफार झाले नाहीत असं कसं होईल? आमच्या गाडीचा फाळका गावच्या सुताराने बाभळीचा केलेला, मागचे पाटे वाढवलेले, सीट दोनदा नवी शिवलेली. तूर्त ती शेताच्या बांधापर्यंतच धावेल, आणि मला तेवढं पुरतं.

खरा घोळ रंगावरून झाला. पेंटरने सँडपेपर मारायला घेतला तेव्हा थर उघडे पडू लागले. वरती धाकट्याने मारलेला पांढरा, त्याखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा. केबिनच्या कोपऱ्यात, जिथे ब्रश पोचला नव्हता तिथे, कारखान्याचा मळकट निळा. पेंटर खूश झाला. ‘हा ओरिजिनल. हाच मारू. शोरूममधून आल्यासारखी करून देतो.’

मी दोन दिवस मागून घेतले. निळ्या रंगातली ती गाडी घरात कुणी नीटशी पाहिलेलीच नव्हती. अण्णांनी ती आणली आणि पहिल्याच दसऱ्याला पिवळी करून घेतली, कारण पहाटेच्या धुक्यात निळी गाडी दिसत नाही असं त्यांचं मत होतं. आम्ही घाट चढलो तो पिवळ्या गाडीतून. फडाबरोबर हिंडली ती हिरवी. कारखान्याने जशी घडवली तशी ती करायची, तर सुताराचा फाळका काढावा लागेल, पाटे उतरवावे लागतील आणि हाती येईल एक अनोळखी मॅटाडोर, जिच्यात अण्णा कधी बसलेच नाहीत. जुन्या गाड्यांचे शौकीन ‘मूळ’ म्हणून ज्याचा आग्रह धरतात ते बहुधा मालकाच्या आधीचं असतं. मला ते समजतं. मला ते नको होतं.

आईला विचारलं. तिने क्षणभरही वेळ घेतला नाही. ‘पिवळी कर. हिरव्या गाडीनं उधाऱ्याच आणल्या.’ आणि मागून, ‘तो पोचा काढ आता, किती वर्षं भिकाऱ्यासारखा मिरवायचा.’

पहिलं ऐकलं. दुसऱ्यावर आमचं अजून चालूच आहे. पेंटरही तिच्या बाजूचा. पोचा ठेवून वर नवा रंग दिला तर लोक माझ्या कामाला नावं ठेवतील, असं तो तीनतीनदा सांगत राहिला. शेवटी बिल लिहिताना त्याने प्राइमर, पुट्टी, पिवळा रंग आणि मजुरीच्या खाली आणखी एक ओळ जोडली, माझी सही घेतली आणि मगच पैसे मोजले: ‘उजव्या बाजूचा पोचा मालकाच्या सांगण्यावरून ठेवला आहे. गॅरंटी नाही.’