जोडीतला एक बैल गेला, दुसरा खात नाही: काय करावे?

रोवणीच्या दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून मला हा फोन हमखास येतो. वाघाने, विजेने किंवा आजाराने जोडीतला एक बैल गेलेला असतो. उरलेला तणसाला तोंड लावत नाही, रिकाम्या खुंट्याकडे पाहून हंबरतो. "डॉक्टर, यानं मनाला लावून घेतलं," घरचे सांगतात.

तुमचं म्हणणं मला पटतं. बैल कळपात राहणारा प्राणी. वर्षानुवर्षं शेजारी बांधलेला सोबती त्याला वासावरून, आवाजावरून ओळखू येतो. तो नाहीसा झाला की जनावरावर ताण येतो, खाणं आणि रवंथ कमी होते. तरीही मी आधी थर्मामीटरच लावतो.

आधी आजार तपासा

पहिल्याला नेणारा आजार दुसऱ्यातही शिरलेला असू शकतो. बैलाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. पावसाळ्यात जास्त ताप आणि गळ्याला सूज असेल तर घटसर्प, मांडीवर दाबल्यावर करकरणारी सूज आणि लंगडणं असेल तर फऱ्या असू शकतो. अशा वेळी तासभरही थांबू नका, १९६२ वर फोन करा. वाघाचा हल्ला झाला असेल तर वाचलेल्याच्याही मानेवर, मांड्यांवर केसांखाली दाताच्या जखमा शोधा.

पहिला बैल अचानक मेला आणि नाका-गुदातून काळं, न गोठणारं रक्त आलं, तर फाशीचा संशय घ्या. ते शव उघडू नका, हात लावू नका. हा आजार माणसालाही होतो.

मग सोबत द्या

आजार नाही असं ठरलं तरी "येईल आपोआप ठिकाणावर" म्हणून सोडू नका. बैलाच्या कोठीपोटात चारा पचवणारे सूक्ष्मजीव असतात. चारा थांबला की ते उपाशी पडतात, पोट मंदावतं आणि भूक आणखी मरते. दुःखाचं दुखणं होतं ते असं. डाव्या कुशीवर तळहात ठेवा. मिनिटाला एक-दोनदा पोट हललेलं जाणवलं पाहिजे.

- त्याला एकटं बांधू नका. घरची गाय किंवा ओळखीचं जनावर दिसेल, वास येईल असं जवळ बांधा.
- हिरवा चारा थोडा थोडा, हाताने द्या. भूक यावी म्हणून एकदम ढेप किंवा धान्य घालू नका, पोट आणखी बिघडतं. पाणी सतत समोर ठेवा.
- चारा-पाण्याची वेळ आणि माणूस बदलू नका.
- दोन दिवसांत रवंथ सुरू झाली नाही तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

नव्या जोडीची घाई

चिखलणी थांबलेली असते, पैसा अडकलेला असतो, मला कळतं. पण बाजारातला बैल त्याच दिवशी शेजारी बांधला तर मारामारी होते, नवा आजारही गोठ्यात येतो. नव्याला दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. मग समोरासमोर बांधा, नंतर शेजारी. जुन्याची जुवातली बाजू बदलू नका, आधी रिकाम्या जुवाला चालवा. तोवर शेतीसाठी गावात सावड होते का विचारा. असाच एकटा पडलेला बैल शेजारच्या गोठ्यातही असतो.