हायरूलचा टोप, रत्नागिरीचा पाऊस

तुम्ही रत्नागिरीला येता ते बहुतेक मे महिन्यात. आंबे खाता, थिबा राजाचा राजवाडा बघता, भाट्याच्या वाळूत किल्ले करता आणि शाळा सुरू व्हायच्या आत घरी पळता. आज मी तुम्हाला आषाढातल्या रत्नागिरीत नेणार आहे. छत्री घ्या आणि एक पिशवीही घ्या. आपल्याला पाच जिन्नस गोळा करायचे आहेत.

त्याचं असं झालं. माझ्या ताईची पुण्याहून इथे बदली झाली आणि ती मुलाला घेऊन आमच्याच घरी राहायला आली. भाचा सातवीतला. नवी शाळा, मित्र कोणी नाही, आणि बाहेर पाऊस. आमच्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. भाचेबुवा खिडकीशी बसून एकच पालुपद लावत, "आपण पुण्याला परत कधी जायचं?" नाहीतर मग त्यांचा तो व्हिडीओ गेम.

मी शाळेत मास्तरीण. गेम म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. पण एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि काय सांगू, मीच रमले! 'द लेजंड ऑफ झेल्डा' या मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' नावाचा तो खेळ. जपानमधल्या क्योतो शहरातल्या निन्टेन्डो कंपनीने तो २०१७ साली आणला. हायरूल नावाचं एक काल्पनिक राज्य, आणि लिंक नावाचा वीर. हा वीर तलवार चालवतो तसा स्वयंपाकही करतो. रानावनात फिरून मासे, कंद, अळंब्या, मिरच्या गोळा करायच्या आणि उघड्यावर मांडलेल्या टोपात एका वेळी जास्तीत जास्त पाच जिन्नस टाकायचे. टोप डुलायला लागतो, एक छानशी धून वाजते आणि चार-दोन सेकंदांत पदार्थ तयार. तो खाल्ला की वीराची गेलेली शक्ती भरून येते. भलतंसलतं एकत्र टाकलंत तर मात्र एक ओळखू न येणारा, संशयास्पद लगदा हाती येतो. आमच्या वसतिगृहातल्या रविवारच्या भाजीची मला फार आठवण झाली.

त्या खेळात समुद्री माशांची करी आणि भात असा एक पदार्थ आहे. त्याला तीन वस्तू लागतात: मासा, हायरूलचा तांदूळ आणि गोरॉन मसाला. गोरॉन म्हणजे ज्वालामुखीच्या अंगावर राहणारे धिप्पाड लोक. गंमत अशी, की मसाला त्यांच्या गावात मिळतो, पण ते स्वतः खातात दगड!

"मावशी, आपण हे खरंखुरं करूया?" भाच्याने विचारलं. जूनपासून पहिल्यांदाच तो 'पुणे' सोडून दुसरं काही बोलला होता. मी लगेच हो म्हटलं. टोपात पाच जिन्नस मावतात, मग दोन आपल्या मनाचे घालायचे असं ठरलं. श्रावण लागायच्या आतला रविवार गाठला आणि निघालो.

आधी मिरकरवाड्याच्या बंदरावर. वर रत्नदुर्गाचा डोंगर ढगात बुडालेला, आणि खाली होड्याच होड्या, एकीला एक लागून बांधलेल्या. काही प्लास्टिकच्या ताडपत्र्या पांघरून बसलेल्या. इतर वेळी इथे बर्फ, टोपल्या, लिलावाचा गलका, पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी कावळ्यांखेरीज कोणी ओरडत नव्हतं. एका पडवीत दोघेतिघे जाळी दुरुस्त करत बसले होते.

"मासे कुठायत?" भाचा.

मासे समुद्रात! १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. हे दिवस बऱ्याच माशांच्या विणीचे. आत्ता पकडले तर पुढे खायला राहणार काय? आणि समुद्र असा खवळलेला, की माणसांच्याही जिवाला धोका.

भाचा हिरमुसला. "गेममध्ये कधीही मिळतात," तो म्हणाला. ते खरंच आहे. हायरूलमध्ये पाऊस असतो, बर्फ असतो, पण आषाढ नसतो.

म्हटलं, चला, निदान तांदूळ तरी बघू. बसने शिरगावच्या बाजूला गेलो. तिथे कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. 'रत्नागिरी १', 'रत्नागिरी २४' अशा भाताच्या जाती तिथे तयार झाल्या आहेत. आपल्या गावाच्या नावाचा तांदूळ असतो हे भाच्याला फार आवडलं. पण तो मिळायचा कसा? लिंक गवतावर तलवार फिरवतो, की गवतातून तांदूळ उडी मारून बाहेर येतो. इथे शेतात गुडघाभर चिखल, आणि बायामाणसं कंबरेत वाकून लावणी करत होती. तरव्याच्या चार-पाच काड्या चिमटीत धरायच्या, चिखलात रोवायच्या, पुन्हा चार-पाच काड्या. भाचा बांधावर उभा राहून किती वेळ बघत होता. ह्या काड्यांचा तांदूळ दसऱ्याच्या सुमाराला मिळणार, हे ऐकल्यावर त्याने पिशवीची घडी करून खिशात घातली.

अशी आमची वरात रिकाम्या हाताने घरी आली. पण परसात शिरताच भाचा ओरडला, "मावशी, मशरूम!" शेणकीच्या कडेला पांढऱ्याशुभ्र छत्र्यांचा घोसच उगवला होता. खेळात दिसेल ती अळंबी तोडून टोपात टाकली तरी चालतं. आता इथे माझी चूक सांगते. मी वाकून पाहिलं आणि अगदी मास्तरणीच्या थाटात म्हटलं, "अरे वा! अळंबीच दिसतायत." त्याने त्या खुडल्या, उलट्या छत्रीत भरल्या आणि थेट स्वयंपाकघरात नेल्या.

आई तांदूळ निवडत होती. तिने छत्रीत पाहिलं आणि सूपच खाली ठेवलं.

"कुठून काढल्यास रे बाळा?"

"शेणकीजवळून. मावशी म्हणाली, अळंबी आहेत."

"मावशीला काय कळतंय! आधी हात धू बघू. दोघंही."

आमच्याकडे लोक आवडीने खातात ती अळंबी वारुळाच्या मातीतून येतात. तीसुद्धा वर्षानुवर्षं काढणाऱ्या जाणत्या माणसांनीच आणलेली. दिसायला तशाच असणाऱ्या काही जाती इतक्या विषारी असतात, की शिजवूनही ते विष जात नाही, आणि त्रास सुरू होतो तो बऱ्याच तासांनी. चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, नाहीतर चांगलं, असं कोणी सांगतात, तेही खोटं. मी विज्ञान शिकवते. हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही त्या पोराचा आनंद मोडवेना म्हणून नको ते बोलून गेले. आईने सगळ्या छत्र्या खोल खड्ड्यात पुरल्या, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी ती जरा तुटकच बोलत होती.

"मग आता काय टाकायचं?" भाच्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"माळ्यावर चढ," आई म्हणाली. "मी सांगते ते डबे खाली दे."

तुम्हाला आगोट म्हणजे काय ठाऊक आहे? आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. त्याआधी कोकणात चार महिन्यांची बेगमी करून ठेवतात. एकेक डबा खाली यायला लागला. एकात सोडे, म्हणजे सोलून उन्हात कडकडीत वाळवलेली कोळंबी. दुसऱ्यात आमसुलं. काचेच्या बरणीत मे महिन्यात डंकावर कुटून आणलेला लाल मसाला, किडू नये म्हणून वर हिंगाचा खडा ठेवलेला. कोपऱ्यात नारळांचा ढीग. तांदूळ तर सुपात होताच, गेल्या दिवाळीचा. मोजा बरं, झाले की नाही पाच? शिवाय फणसाच्या आठळ्या, आंबापोळी, कुळथाचं पीठ... भाचा माळ्यावरून ओरडला, "आजी, तुझी बॅग लिंकपेक्षा मोठी आहे!"

आता कृती. भाच्याचं म्हणणं, पाचही जिन्नस एकदम टोपात टाकायचे. आई म्हणाली, "टाक, आणि तूच खा." मग मुकाट्याने तिच्या पद्धतीने झालं. एक वाटी सोडे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवले, पाणी दोनदा बदललं, कारण त्यांत बारीक रेव असते. अर्धा नारळ खवून त्याचं वाटण केलं. टोपात तेलावर ठेचलेली लसूण आणि दोन चिरलेले कांदे परतले, त्यावर हळद, दोन चमचे मसाला, मग पिळून घेतलेले सोडे. ते चांगले परतल्यावर पाणी घालून झाकण. सोडे मऊ झाल्यावर वाटण, चवीला मीठ आणि शेवटी चार आमसुलं. शेजारच्या शेगडीवर भात. "कांदा-लसूण धरून सात झाले," भाच्याने हरकत घेतली. "फोडणीचं कोण मोजतं?" आई म्हणाली, आणि निकाल लागला. (चुलीशी मोठं माणूस हवंच हं.)

सगळ्याला मिळून दीड तास लागला. झाकण ठेवल्यावर भाचा टोपाशी उभा राहून ती खेळातली धून गुणगुणत होता.

पहिला घास खाल्ला आणि तो थबकला. "आजी, हे तर कालवण-भातच आहे!"

आता ऐका ह्या करीची गोष्ट. आपल्याकडची मसाल्याची कालवणं खाऊन इंग्रजांनी 'करी' नावाचा प्रकार केला. एकोणिसाव्या शतकात तो इंग्रजांकडून जपानात गेला. जपानी नौदलाच्या १९०८ च्या स्वयंपाकाच्या पुस्तकात करी-भाताची कृती आहे. पुढे क्रांतिकारक रासबिहारी बोस जपानात आश्रयाला गेले. त्यांनी १९२७ मध्ये तोक्योतल्या नाकामुराया या दुकानात खरी भारतीय पद्धतीची करी सुरू करून दिली. आज करी-भात जपानी मुलांचं घरगुती जेवण झालंय. तिथून तो क्योतोच्या खेळात शिरला आणि खेळातून आमच्या टोपात! आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढा फिरून आलाय, तर अजून वाढू का थोडा?"

भाच्याने तीनदा भात घेतला.

रात्री पाऊस नुसता कोसळत होता. भाचा पुन्हा गेम घेऊन बसला, पण ह्या वेळी आजीला शेजारी बसवून. पडद्यावरही पाऊस लागला होता. खेळातही पाऊस आला की उघड्यावरच्या टोपाखालचा जाळ विझतो, आणि मग वीर कितीही शूर असला तरी त्याला थांबावंच लागतं. बिचारा लिंक एका कड्याखाली अंग चोरून उभा होता.

"आजी," भाचा म्हणाला, "ह्याला आपल्यासारखी पडवी पाहिजे होती."