दादरच्या समुद्राकाठची स्वयंपाकशाळा

वाचकहो, रात्री कुर्डूवाडी स्टेशनवर सिद्धेश्वर एक्स्प्रेसची वाट पाहत बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. कुणी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात निघालेला असतो, कुणी मंत्रालयात खेटे घालायला, तर कुणी लेकाकडे चार दिवस राहायला. श्रावणातल्या अशाच एका रात्री आम्ही तिघे त्या बाकावर बसलो होतो. मी, माझे दाजी आणि माझी भाची. आम्हांला जायचे होते शाळेला. शाळा कसली, तर हॉटेलची!

हसू नका. आमच्याही गावात हसले. 'बारावीला चांगले मार्क पडलेली पोर कपबश्या विसळायला धाडता व्हय?' असे दाजींना पारावर एकाने विचारले. दाजी पडले माळकरी, मितभाषी. काही बोलले नाहीत. पण तो शब्द त्यांच्या मनात कुसळासारखा रुतून बसला. परीक्षा पास होऊन पोरीचा नंबर लागला होता. जर्सी गाय विकून आलेले पैसे बँकेत होते. तरी फी भरायची की पोरीला घेऊन माघारी फिरायचे, हे त्यांनी गाडीत बसेपर्यंत ठरवले नव्हते.

पहाटे दादरला उतरलो. तुम्ही कधी गेलात तर पश्चिमेचा फूलबाजार पाहिल्यावाचून पुढे जाऊ नका. शेवंती, झेंडू, गुलछडी यांचे ढीग, आणि ओळखीची बोली बोलणारी माणसे! दाजींनी एका ढिगाशी थांबून झेंडूचा भाव विचारला, मनाशी हिशेब केला आणि मान हलवली. आपल्याला काय मिळते आणि इथे काय भावाने जाते, हे ज्याच्या त्याच्या ध्यानात येतेच. असो.

टॅक्सीने पोर्तुगीज चर्चवरून आम्ही वीर सावरकर मार्गाला आलो. कीर्ती कॉलेजच्या बाजूला ही संस्था आहे. नाव लांबलचक : इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग टेक्नॉलॉजी अँड अप्लाइड न्यूट्रिशन. मागे समुद्र. पावसाळी वारा असा, की दाजींनी टोपी हातात धरली.

या शाळेचा जन्म कसा झाला ते आपण शेतकऱ्यांनी जरूर ऐकावे. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षे धान्यटंचाईची. रेशनची. त्या काळात लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला अन्न परिषदेने 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहे चालवली. गहू-तांदळावाचूनही पोटभर, चवदार जेवण होते, हे लोकांना ताटात वाढून दाखवायचे, असा त्यामागचा विचार. त्यांचे पती कन्हैयालाल मुनशी १९५० ते १९५२ या काळात देशाचे अन्न व शेती मंत्री होते. वनमहोत्सव सुरू केला तो त्यांनीच. पुढे १९५४ साली याच महिला परिषदेने अंधेरीला भवन्स कॉलेजच्या आवारात ही शिक्षणसंस्था काढली. आपल्या देशातली या प्रकारची ही पहिली. म्हणजे पंचतारांकित हॉटेलांना माणसे पुरवणाऱ्या या विद्येचे मूळ भुकेच्या प्रश्नात आहे. मला तर ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता आत चला. पालक म्हणून आम्हांला थोडे फिरून पाहू दिले. पांढरा कोट, पांढरी उंच टोपी, कमरेला एप्रन अशी पोरेपोरी रांगेने उभी होती आणि कांदा चिरत होती. दाजी थबकले. कांदा म्हणजे त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. सोलापूरच्या मार्केट यार्डात उभी हयात गेली. प्रत्येक फोड एका मापाची हवी, असा तिथला दंडक. बारीक चौकोनी चिरण्याला एक नाव, काडीसारख्या लांब चिरण्याला दुसरे. नावे बरीचशी फ्रेंच, पण काम आपल्या बायकांच्या रोजच्या हातचे. फरक एवढाच, की इथे साल, देठ आणि खराब भाग बाजूला ठेवून तोही काट्यावर तोलतात. दहा किलो आणले, हाती किती लागले, एका ताटाला त्याचा खर्च किती पडला, हे वहीत मांडायचे. दाजींनी शिक्षकांना विचारले, "सायेब, कांदा कसला घेता?" ते म्हणाले, "एका आकाराचा, कोरडा, घट्ट. लहानमोठा मिसळला, की वेळ जास्त जातो आणि नास वाढतो." दाजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आपण प्रतवारी करत नाही, तिथंच मार खातो."

चिरण्याच्या फळ्या रंगीत होत्या. हिरवी भाजीपाल्याला, तांबडी कच्च्या मटणाला, निळी मासळीला. एकीची सुरी दुसरीवर चालायची नाही. आमच्या थोरल्या आत्याचे सोवळे आठवले! कारण मात्र निराळे आहे. कच्च्या मांसावरचे जंतू कोशिंबिरीत गेले, तर खाणारा आजारी पडेल. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश उष्णतेत फार वेळ राहू द्यायचे नाही. त्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. एक तर वाफाळते ठेवा, नाही तर गार. आपल्याकडे लग्नातली बासुंदी दुपारभर मांडवात राहते आणि मग रात्री काय होते, ते सांगायला नको. कोठीचा नियम असा, की आधी आलेला माल आधी काढायचा. जुनी ज्वारी आधी संपव, असे आजी सांगत असे, तेच हे.

आणि स्वयंपाक हा एकच भाग झाला, बरे का! आलेल्या पाहुण्याची नोंद आणि सरबराई करणारे पुढचे दालन, खोल्यांची निगा राखणारा विभाग आणि जेवण वाढण्याचा विभाग अशी आणखी तीन अंगे आहेत. पलंगावरची चादर कोपऱ्याला कशी दुमडून खोचायची, याचीही परीक्षा असते. भाचीने पुढे सुट्टीत येऊन आमच्या घरच्या गादीला तशी घडी घातली. दोन दिवस कुणी त्यावर बसेना.

पण दाजींची खरी अडचण त्या तांबड्या फळीपाशी होती. त्यांनी सरळ विचारले. शिक्षकही सरळ बोलले, "इथे मटण-मासळी हाताळावी लागेल. खायची की नाही, तो तिचा प्रश्न. दारूविषयीही शिकावे लागेल. विकणाऱ्याला मालाची माहिती हवी. काही ठिकाणच्या सरकारी संस्थांत शाकाहारी स्वयंपाकाचा पर्याय दिला गेला आहे. हवे तर तिकडची चौकशी करा." गोड बोलून वेळ मारून नेली नाही, हे मला आवडले.

आम्ही बाहेर येऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहिलो. बराच वेळ कुणी बोलेना. मग दाजी म्हणाले, "घरात तुळशीची माळ हाय." भाची म्हणाली, "आबा, माळ तुमच्या गळ्यात आहे. मी ती मोडणार नाही. पण मला हे काम शिकायचंय." दाजींनी लाटांकडे पाहिले. मग खिशातले पासबुक चाचपले आणि जिना चढून गेले. मी मागोमाग गेलो नाही.

तुमच्या घरात असे कुणी असेल, तर थोडी माहिती सांगून ठेवतो. बारावी, इंग्रजी विषयासह, कोणत्याही शाखेची चालते. प्रवेश परीक्षा देशभर एकच असते. तीत इंग्रजीला मोठा वाटा, शिवाय गणित, तर्क आणि सामान्यज्ञान. त्या इंग्रजीपायीच आपली मुले मागे पडतात. अकरावीपासून रोज वर्तमानपत्र वाचायला लावा. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यावर बी.एस्सी.ची पदवी. खर्च काही लाखांत जातो. केंद्राच्या संस्थांत राखीव जागा आहेत. एवढी ऐपत किंवा एवढी वर्षे नसतील, तर नुसता स्वयंपाक किंवा नुसते वाढप शिकवणारे दीड वर्षाचे अभ्यासक्रमही आहेत.

एक धोका मात्र आवर्जून सांगतो. आमच्या शेजारच्या मुलाला एका खासगी संस्थेच्या दलालाने गाठले. 'वर्षात बोटीवर नोकरी, पगार डॉलरमध्ये.' बापाने पतसंस्थेचे कर्ज काढले. संस्थेत दोन शेगड्या आणि भिंतीवर परदेशी हॉटेलांची चित्रे! पोरगा परत आला, कर्ज राहिले. म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी स्वयंपाकघर डोळ्यांनी पाहा. पदवी कोणाची, ते कागदावर मागा. मागची मुले कुठे कामाला लागली, ते त्या मुलांनाच विचारा.

काम सोपे नाही, हेही लपवत नाही. दुसऱ्या वर्षी भाचीला चार महिने पुण्याच्या एका हॉटेलात कामाला पाठवले. आठ-नऊ तासांची पाळी बारावर जायची. पाय सुजायचे. सगळ्या जगाची दिवाळी, तेव्हा हॉटेलवाल्याची धावपळ. ती घरी आली नाही. माझ्या बहिणीने फराळाचा डबा एस.टी.ने पाठवला. सुरुवातीचा पगारही बेताचाच असतो. ज्याला उभे राहण्याचा आणि चारचौघांचे ऐकून घेण्याचा कंटाळा, त्याने या वाटेला जाऊ नये. पण आपली मुले उन्हात राबलेली असतात. कष्टाने ती हटत नाहीत, लाजेने हटतात.

अलीकडे शेतावर पाहुणे ठेवण्याचा धंदाही वाढतो आहे. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. खोल्या बांधतात, झोके टांगतात; पण चादर मळकी आणि भाकरी गार! तिथे अशा शिकलेल्या माणसाची खरी गरज आहे.

गेल्या सुट्टीत भाची घरी आली, तेव्हा वखारीतला कांदा निवडणे चालू होते. ती पदर खोचून बसली आणि हातासरशी तीन ढीग करू लागली : मोठा, मध्यम, बारीक. दाजी खांबाला टेकून पाहत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुझ्या त्या पुण्याच्या हॉटेलाला रोजचा कांदा किती लागतो गं?"

तिने आकडा सांगितला. दाजी उठले आणि पोत्याला बांधायची सुतळी घेऊन आले.