ब्रेकवरचा पाय

शारजा, शनिवार रात्र

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "चांगला रस्ता सोडून वाळूत गाडी घालायची कशाला?" तेव्हा दाजी शेजारी बसून हसत होते, म्हणून नीट सांगता आलं नाही. कशाला, ते मलाही अजून सांगता येणार नाही. कशी घालतात, ते सांगते.

इथली हौशी मंडळी ऑक्टोबर ते एप्रिल, ऊन सोसवतं तोवर, सुट्टीच्या दिवशी पहाटे वाळवंटात जातात. एकट्याने कुणी जात नाही. आठ-दहा गाड्यांचा ताफा असतो, त्याला सगळे कॉन्व्हॉयच म्हणतात. सर्वांत पुढे लीड, सर्वांत मागे स्वीप. मी नवखी, म्हणून मला लीडच्या लगेच मागे ठेवलं. नवख्याला मान म्हणून नव्हे, लीडला आरशात तो सतत दिसावा म्हणून. शिवाय मागच्या गाड्यांच्या वाट्याला सगळ्यांनी उखणलेली वाळू येते, तिथे नवख्याचा निभाव लागत नाही. आमचा लीड पेशावरकडचा, स्वीप केरळचा. वॉकीटॉकीवर दोघांचं हिंदी ऐकून तुम्ही पोट धरून हसला असता, पण एकाही गाडीला काही कळलं नाही असं झालं नाही.

हत्ताच्या रस्त्यावर अल बदायरपाशी जमलो. तिथली तांबडी टेकडी सगळ्या दुबईला 'बिग रेड' म्हणून माहीत आहे. तांबडी कशाने, तर वाळूच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ थर असतो. आपल्याकडची मातीही त्याच कारणाने लाल.

पहिलं काम म्हणजे चाकांतली हवा सोडायची. ३५ पौंडांवरून १५ पर्यंत. हे वाचून तुम्हाला कसंसं होईल. एवढ्या हवेवर तुम्ही बस डेपोच्या फाटकाबाहेर काढली नसतीत. पण वाळूत टायर बसका झाला की जमिनीला टेकणारा भाग लांबट होतो, गाडीचं वजन जास्त जागेवर पसरतं आणि चाक वाळू खणण्याऐवजी तिच्यावरून चालतं. फार उतरवली तर जोराच्या वळणावर टायर रिमवरून निसटतो, म्हणून मर्यादा. हवा सोडताना बराच वेळ नुसती सुस्कारणारी चाकं आणि चहाचे थर्मास. नंतर प्रत्येक गाडीला उंच काठीवर झेंडा लावतात. टेकडीपलीकडून येणारी गाडी दिसायच्या आधी तिचा झेंडा दिसतो.

दाजींच्या पजेरोला क्लच नाही, स्टिअरिंग डावीकडे. त्याची सवय रस्त्यावरच झाली होती. अडचण आली ती ब्रेकची. वाळूत ब्रेक मारायचा नाही. मारला की पुढची चाकं वाळू ढकलून स्वतःपुढेच एक बांध घालतात आणि निघताना पहिला चढ तोच होतो. थांबायचं असेल तर ॲक्सिलरेटर सोडायचा. गाडी आपली आपण थांबते, वाळूच तिला धरते. आणि थांबायचं ते नाक उताराकडे करून, म्हणजे निघताना उताराची मदत मिळते. सकाळभर वॉकीटॉकीवर एकच घोष चालू होता, "नंबर टू, ब्रेक से पाँव हटाओ." तुम्ही कुंभार्ली घाटात मला शेजारी बसवून जे शिकवलंत, ते सगळं उजव्या पायात मुरलेलं आहे. तो पाय डोक्याचं ऐकत नाही.

गाडीतली घसरण थांबवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही इथे बंद करतात. चाक जागच्या जागी फिरलं की ती इंजिनाची ताकद कापते. डांबरावर ते शहाणपण, वाळूत नेमकी ताकद हवी असते तेव्हा घात.

पर्यटकांना घेऊन टेकड्यांवरून वरखाली आपटवणाऱ्या गाड्याही तिथे होत्या, आतून किंचाळ्या. आमच्या ताफ्यात कुणी किंचाळत नाही. खरं सांगायचं तर बघणाऱ्याला कंटाळा येईल इतकं संथ काम आहे.

तुमची,
धाकटी


म्लेहा, रविवार

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

आज शारजाच्याच आतल्या भागात, म्लेहाजवळ. इथे वाळूतून एक उघडा खडक वर आला आहे, त्यात समुद्री जिवांचे जीवाश्म सापडतात म्हणून त्याचं नाव फॉसिल रॉक. या फाया परिसरात दोन लाख वर्षांपूर्वीपासून माणसाचा वावर असल्याच्या खुणा मिळाल्या, आणि २०२५ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारसा यादीत घेतला. वस्तुसंग्रहालय बघायचं राहिलं, कारण सगळा दिवस टेकडीच्या माथ्यांनी खाल्ला.

वाळूच्या टेकडीला दोन अंगं असतात. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू लांब, सौम्य चढाची, वाऱ्याने दाबून घट्ट झालेली. माथ्यावरून पलीकडे पडणारी वाळू मात्र नुसती ओतलेली, भुसभुशीत आणि तीव्र उताराची. तो उतार सगळीकडे जवळजवळ एकच, ३२ ते ३४ अंश. खळ्यावर ज्वारी ओतत गेलं की रास एका ठरावीक उताराची होते, त्याहून उभी होत नाही, वरून घातलेले दाणे घरंगळतात. इथेही तेच चाललेलं असतं.

आता गंमत अशी, की चढताना समोर फक्त आभाळ दिसतं. पलीकडे उतार आहे, खड्डा आहे की कुणाची गाडी अडकली आहे, काही कळत नाही. वेग कमी पडला तर गाडी माथ्याच्या अलीकडे राहते; जास्त झाला तर पलीकडे उडून नाकावर पडते. माथ्याला काटकोनात जायचं, पोचता पोचता पाय हलका करायचा आणि गाडीने माथ्यावरून जेमतेम डोकवावं इतकाच दम ठेवायचा. उतरताना नाक सरळ खाली. मागचं अंग बाजूला सरकायला लागलं तर घाबरून ब्रेक नाही, उलट नाक उताराकडे वळवून किंचित ॲक्सिलरेटर. गाडी उतारावर आडवी झाली की उलटते. आणि माथा गाठलाच नाही तर वळायचं नाही. आपल्याच चाकोरीतून सरळ मागे, खालपर्यंत.

पुढची गाडी माथा ओलांडून मोकळी झाल्याचं कळल्याशिवाय मागची चढत नाही. हा नियम कुणी मोडला तर लीडचा आवाज बदलतो.

दुपारी ताफ्यातली एक गाडी नेमकी माथ्यावर पोटावर बसली. पुढची चाकं एकीकडे, मागची दुसरीकडे, चारही बिनकामाची. अशा वेळी चाकं फिरवत राहिलं की गाडी आणखी खाली जाते, म्हणून लीडने आधी इंजिन बंद करायला लावलं. मग सगळे फावडी घेऊन पोटाखालची वाळू उपसायला लागले. हे काम बघायला तुम्ही हवे होतात. चाकांची हवा आणखी थोडी उतरवली, दोरी लावली. ही दोरी नायलॉनची, ताण दिला की लांबते आणि परत आखडताना ओढते, त्यामुळे झटका न बसता गाडी निघते. डेपोत तुम्ही वापरायचात तशी साखळी इथे कुणी आणत नाही; ती ताणली जात नाही, काहीतरी तुटतंच. दोरी अडकवायची ती चॅसिसच्या पक्क्या हुकात, शॅकल लावून. मागच्या ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीच नाही. तो तुटून उडाला की तोफेचा गोळाच, माणसं मेली आहेत त्याने. ओढताना बाकीच्यांना दोरीच्या लांबीहून दूर उभं केलं आणि एकानेच हाताच्या खुणा केल्या. बाकी कुणी बोलायचं नाही. अरुंद वळणावर गाडी मागे घेताना कंडक्टरशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही, हे तुम्ही पॅसेंजरांना ओरडून सांगायचात, ते आठवलं.

दुपारचं ऊन डोक्यावर आलं तसं लीडने परत फिरायचं ठरवलं. एक तर दहिवराने सकाळी जरा घट्ट असलेली वाळू सुकून सैल होते. दुसरं, सूर्य माथ्यावर असला की सावल्या नाहीशा होतात. चढ, उतार, खड्डा सगळं एकाच रंगाचं सपाट दिसतं. तीव्र उतार पुढे आहे हे चाकाखाली आल्यावर कळलं तर काय उपयोग.

तुमची,
धाकटी


शारजा, सोमवार

ती. सौ. आईस, सा. न.

अप्पांची पत्रं तू वाचतेस हे आक्काने सांगितलं, म्हणून हे वेगळं. गाडी उलटत नाही. पट्टा बांधलेला असतो, पाणी प्रत्येकी भरपूर घेतो, आणि अंधार पडायच्या आत डांबरावर. ताफ्यात बायका आहेत. त्यातली एक फिलिपिनो नर्स असा काही माथा ओलांडते की सगळे गप्प बघत राहतात. तू दिलेले धपाटे तिसऱ्या दिवशीही टिकले, पेशावरवाल्यांनी चार खाल्ले.

तुला सांगायचं ते हे, की इथल्या वाळूत ठिकठिकाणी एक झाड उभं आहे, घाफ म्हणतात. २००८ मध्ये इथल्या सरकारने त्याला राष्ट्रीय वृक्ष केलं. मुळं फार खोल जातात, म्हणून कुणी पाणी घातलं नाही तरी हिरवं राहतं. उंट मान लांब करून खालचा पाला खातात, त्यामुळे झाडाची खालची कड कात्रीने कापावी तशी सपाट. पानं बारीक, फांद्यांना काटे. मी ओळखलं नाही, पण दाजींनी सांगितलं, ही आपली शमी. दसऱ्याला तू सीमेवरच्या देवळापाशी जिची पूजा करतेस तीच. तिच्या मुळांवरून गाडी नेली तर लीड माफ करत नाही.

तुझी,
धाकटी


लिवा, शुक्रवार

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

लिवा म्हणजे अबू धाबीच्या दक्षिणेला खजुरीच्या बागांची लांबलचक कमान, आणि तिच्या पलीकडे रब अल खाली, साडेसहा लाख चौरस किलोमीटरचं वाळवंट. आपल्या दोन महाराष्ट्रांहून मोठं. बदायरच्या टेकड्या इथे पोरखेळ वाटतात. तल मुरीब नावाची टेकडी सुमारे ३०० मीटर, म्हणजे हजार फूट उंच; तिच्यावर गाड्या चढवायच्या शर्यती लागतात. आम्ही खालून बघितली. लीडने कुणालाही विचारलंसुद्धा नाही.

या बाजूला १९४६ ते ४८ च्या काळात विल्फ्रेड थेसिजर नावाचा इंग्रज बेदू सोबत्यांबरोबर उंटांवरून हिंडला, रब अल खाली दोनदा ओलांडलं. मोटारगाडीचा त्याला मनस्वी तिटकारा. त्याचं पुस्तक आमच्या ताफ्यातल्या निम्म्या लोकांच्या डॅशबोर्डवर असतं, हे त्याला कळलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे. माझा माणूस वेगळा आहे, आणि तुम्हालाही तोच आवडेल. राल्फ बॅग्नोल्ड, ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर. सुट्ट्या काढून त्याने १९२० च्या दशकापासून इजिप्त-लिबियाच्या वाळूत साध्या फोर्ड गाड्या घातल्या. टायरची हवा कमी करायची, अडकलेल्या चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवायच्या, रेडिएटरची वाफ डब्यात धरून पुन्हा पाणी करून वापरायची, हे त्याच्या टोळीने करून करून बसवलं. गाडीच्या लोखंडाने होकायंत्र बहकतं म्हणून उन्हाच्या सावलीवर चालणारं होकायंत्र बनवलं. पुढे १९४० मध्ये याच जोरावर सैन्याची वाळवंटी तुकडी उभारली, आणि १९४१ मध्ये वाळू वाऱ्याने कशी सरकते यावर गणितासकट पुस्तक लिहिलं. वाळूचा कण उडतो, खाली आपटतो, आपटताना दुसऱ्याला उडवतो, अशी ती वाळू पुढे जाते, हे त्याने बोगद्यात वारा सोडून मोजलं. वाळवंटातली ती भटकंती सगळी कामाबाहेरच्या वेळात. तुम्ही रात्री कार्ब्युरेटर उघडून बसायचात, त्या जातीचा माणूस.

इथे वाळूइतकीच सबखाची भीती. टेकड्यांच्या मधे मिठाची, जिप्समची सपाट पांढरी मैदानं लागतात, गाडी पळवायचा मोह होईल अशी. वरचं कवच टणक, खाली चिखल. पाऊस पडून गेला असेल तर कवच फुटतं आणि गाडी ॲक्सलपर्यंत आत. वाळूतून गाडी तासाभरात निघते, सबखातून दिवस जातो. लीड आधी उतरून चालत जातो, टाचा आपटतो, मग ठरवतो. एकदा सरळ रस्ता सोडून आम्हाला मोठा वळसा घ्यायला लावला आणि कारण सांगितलं नाही. नंतर कळलं, त्याला कवचाचा रंग आवडला नव्हता.

आज मला रांगेत मागे, स्वीपच्या पुढे ठेवलं. पुढच्या गाड्यांनी वाळू उखणलेली, त्यामुळे प्रत्येक चढ दुप्पट जड. पण जागा बदलल्यावर समजलं की ताफा पुढे बघून चालत नाही. नियम असा, की प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीवर नजर ठेवायची. ती आरशात दिसेनाशी झाली की नाक उताराकडे करून थांबायचं. मग तुम्ही दिसत नाही म्हणून पुढची थांबते, ती दिसत नाही म्हणून तिची पुढची, आणि एक शब्द न बोलता लीडपर्यंत सगळा ताफा उभा राहतो. वॉकीटॉकी बिघडला तरी हे चालतं. तुम्ही मला गाडी शिकवताना समोरची काच कागदाने झाकायची धमकी द्यायचात, "आधी आरसा बघायला शीक, समोरचं आपोआप दिसतं." इथल्या लीडला ते सांगितलं. तो म्हणाला, तुमचे वडील आले तर त्यांना थेट स्वीप करू.

स्वीप होणं सोपं नाही, बरं का. सगळ्यांत अनुभवी तोच. अडकलेल्यांना बाहेर काढायचं, स्वतः कधीच अडकायचं नाही, आणि मागे कुणीच नसल्यामुळे त्याचा आरसा रिकामा.

संध्याकाळी डांबरावर आल्यावर हवा परत भरायची. लहान कंप्रेसर, एकेका चाकाला पाच-सात मिनिटं, गाड्या तेवढ्याच. पंपाचा कोकलणारा आवाज, वाळूने भरलेले बूट, आणि कुणालाही घरी जायची घाई नाही. मी या वेळात सगळ्यांत जास्त शिकते. कुठे कोण का अडकलं याची चिरफाड तेव्हाच होते, आणि लीड स्वतःची चूकही त्यातच सांगून टाकतो.

धाकट्या काकांच्या ट्रॅक्टरसाठी ती ताणणारी दोरी हवी म्हणालात. बघितली. ९ मीटरची चांगली जाडजूड मिळते, दोन शॅकलसकट. वजन मात्र एवढं की विमानाच्या सामानात ती बसवायची तर आईसाठी घेतलेल्या लिवाच्या खजुराच्या दोन पेट्या इथेच ठेवाव्या लागतील. आईशी तुम्हीच बोला. मी बोलणार नाही.

तुमची,
धाकटी