चौदावा वॉल्ट्झ

बझांसाँ हे पूर्व फ्रान्समधलं घड्याळं बनवणाऱ्यांचं गाव. दू नदीने त्याला जवळजवळ पूर्ण वेढा घातला आहे. स्वित्झर्लंडची सरहद्द तिथून फारशी लांब नाही. व्हिक्टर ह्यूगो इथे जन्मला, ल्युमिएर बंधूही इथलेच. 16 सप्टेंबर 1950 रोजी या गावातल्या संगीत महोत्सवात, जुन्या पार्लमेंटच्या सभागृहात, दिनू लिपात्ती नावाचा रुमेनियन पियानोवादक एकट्याने वाजवायला बसला. वय वर्षं तेहेतीस. अंगात ताप होता. डॉक्टर दुबुआ-फेरिएर जिनिव्हाहून बरोबर आले होते. त्यांचं मत होतं की कार्यक्रम रद्द करावा. लिपात्तीचं म्हणणं एवढंच की शब्द दिला आहे. शेवटी इंजेक्शनं घेऊन तो मंचावर गेला. समोर बसलेल्या अनेकांना त्याचा आजार ठाऊक होता.

त्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण आहे. मी ते बऱ्याच वर्षांपासून ऐकत आलो आहे आणि दर वेळी त्याच्या कहाणीशी माझं थोडं भांडण होतं. त्या भांडणाबद्दलच लिहायचं आहे.

पण आधी त्या वाद्याबद्दल आणि त्या एकटेपणाबद्दल. संध्याकाळभर एकाच माणसाने पियानो वाजवायचा आणि बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचं, ही प्रथा तशी फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पियानोवादक मैफल करायचा तेव्हा सोबतीला गायिका, व्हायोलिन, जमलं तर वाद्यवृंद असं सगळं बिऱ्हाड लागायचं. 1840च्या सुमारास फ्रान्झ लिस्टने हे बिऱ्हाड मोडलं आणि मी एकटा पुरेसा आहे असं रोममध्ये, लंडनमध्ये वाजवून दाखवलं. पुढे क्लारा शूमनसारख्यांनी समोरची वहीही दूर केली. तेव्हा काही लोकांना तो आगाऊपणा वाटला होता. आज वही समोर ठेवली तर लोक चुळबुळतात.

या एकट्या वादकासमोर असतात 88 पट्ट्या, सव्वादोनशेच्या आसपास तारा, आणि त्या साऱ्या तारांचा मिळून वीसेक टनांचा ताण. एवढं अवजड यंत्र, पण त्याची मोठी अडचण फार साधी आहे. पट्टी दाबली की आत नमद्याची हातोडी तारेवर आपटते आणि मागे येते. तिथून पुढे वादकाच्या हातात काही उरत नाही. सूर देवळातल्या घंटेसारखा जन्मतो तेव्हाच सर्वांत मोठा असतो, मग विरतच जातो. त्याला फुगवता येत नाही, हलवता येत नाही. मींड अशक्य. आपला कान एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला सरावलेला, म्हणून पहिल्यांदा पियानो ऐकताना बऱ्याच मराठी रसिकांना तो तुटक वाटतो. तो तुटक असतोच. मोठा वादक ती तूट ऐकणाऱ्याच्या लक्षात येऊ देत नाही. पहिला सूर किती विरला आहे ते ऐकून तो दुसरा नेमक्या तेवढ्याच वजनाने ठेवतो. बाकी सगळी कसरत या एका गोष्टीपुढे दुय्यम आहे.

लिपात्तीला हे येत होतं. बुखारेस्टच्या संगीतवेड्या घरात 1917मध्ये तो जन्मला. जॉर्ज एनेस्कू हा थोर व्हायोलिनवादक त्याचा धर्मपिता. 1933मध्ये व्हिएन्नाच्या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं, तेव्हा परीक्षकांपैकी आल्फ्रेड कोर्टो रागावून राजीनामा देऊन बाहेर पडला आणि या मुलाला त्याने पॅरिसला बोलावून घेतलं. पॅरिसमध्ये कोर्टो, नादिया बुलांजे आणि पॉल द्युका असे शिक्षक लाभले. युद्धाच्या काळात, 1943मध्ये, जोडीदार मादलेनबरोबर तो जिनिव्हाला आला आणि तिथल्या संगीत विद्यालयात शिकवू लागला. आजाराची लक्षणंही तेव्हाच दिसू लागली. तो हॉजकिनचा आजार होता.

त्याच्या तयारीची एक गोष्ट ध्वनिमुद्रण कंपनीचा वॉल्टर लेग सांगत असे. बेथोव्हनचा ‘एम्परर’ कॉन्चेर्टो वाजवण्याबद्दल विचारलं तेव्हा लिपात्तीने तयारीला चार वर्षं मागितली, आणि चायकोव्हस्कीच्या कॉन्चेर्टोसाठी तीन. या मागणीत मला नखरा दिसत नाही. हाताला तो कॉन्चेर्टो बहुधा महिन्याभरातच बसला असता. बाकीचा वेळ त्याला कशासाठी हवा होता, ते त्याचं वाजवणं ऐकलं की कळतं. वाईट एवढंच की ती वर्षं त्याच्याजवळ नव्हती, आणि म्हणून त्याच्या ध्वनिमुद्रणांची रास लहान आहे.

1950च्या उन्हाळ्यात कॉर्टिझोन हे तेव्हाचं नवं औषध त्याला मिळालं आणि काही आठवडे तब्येत अचानक सुधारली. लेग ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन जिनिव्हाला धावला. जुलैच्या त्या थोड्या दिवसांत बाखचा पहिला पार्टीटा, मोझार्टचा ए मायनरमधला सोनाटा, शोपँचे चौदा वॉल्ट्झ असं बरंच काही टेपवर आलं. ऑगस्टमध्ये लुसर्नला वाद्यवृंदसंचालक कारायानबरोबर मोझार्टचा कॉन्चेर्टोही झाला. मग औषधाचा जोर ओसरला. बझांसाँचा कार्यक्रम आला तो या उताराच्या दिवसांत.

आता ती संध्याकाळ.

पार्टीटा सुरू होण्याआधी ध्वनिमुद्रणात काही वेगळंच ऐकू येतं. लिपात्ती खालून वर आणि वरून खाली, पार्टीटाच्याच स्वरसमूहातून, दोन हातांनी सहज एक फेरी मारतो. छापील वहीत हे नाही. एके काळी पियानोवादक असंच करत, बोटं आणि श्रोते दोघांनाही त्या सप्तकात आणून बसवत. 1950पर्यंत ही रीत मागे पडली होती, नंतर तर ती जुनाट ठरली. आपल्याला यात नवल वाटू नये. तंबोरा लागला आहे का ते पाहून गवई पहिला षड्ज लावतो तेव्हा तोही खोलीला काहीतरी सांगतच असतो. मला ही फेरी सबंध मैफलीइतकीच आवडते. एका आजारी माणसाने अनोळखी सभागृहात वाद्याची केलेली ती विचारपूस आहे.

मग बाख. पार्टीटा म्हणजे नाचांच्या चालींची माळ, पण नाचायची नव्हे. शेवटी जी जीग येते तिच्यात डावा हात उजव्यावरून उडी मारून पलीकडे एक सूर टाकतो, परत येतो, पुन्हा जातो. हे सतत, वेगात. ताप असलेल्या माणसाने टाळावं असं काही असेल तर ते हेच. लिपात्ती टाळत नाही आणि घाईही करत नाही. पलीकडे पडणारे सूर एकमेकांना ओळखतात, त्यांची मिळून एक स्वतंत्र ओळ होते. कसरत विसरली जाते.

मोझार्टचा सोनाटा 1778चा, पॅरिसचा. त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात मोझार्टची आई वारली. म्हणून हा सोनाटा शोकाचा, असं पुस्तकं सांगतात. असेल. मला त्यात रागावलेला तरुण जास्त ऐकू येतो. पहिल्या भागात डाव्या हाताचे स्वरसमूह एकाच जागी ठाम ठोकत राहतात आणि वरची चाल त्यांच्या विरुद्ध ताठ उभी राहते. लिपात्ती इथे कडक आहे, जराही लाड नाहीत. दुसरा भाग गोड सुरू होतो, पण मध्येच त्याखाली काळं पाणी वाहू लागतं, सूर एकमेकांना टोचतात. ते पाणी येण्याच्या आधीच्या क्षणी बहुतेक वादक वेग थोडा ओढतात, पुढे काय आहे ते सुचवतात. लिपात्ती काहीच सुचवत नाही. संकट यावं तसं ते येतं. सबंध मैफलीत मला सर्वांत मोठी वाटते ती ही जागा.

शूबर्टची दोन इम्प्रॉम्प्ट्यू त्यानंतर. जी फ्लॅटमधल्या पहिल्यात उजव्या हाताला दोन माणसांचं काम असतं. वरची लांब गाती ओळ करंगळी आणि अनामिकेने, हाताच्या सर्वांत दुबळ्या बोटांनी, आणि तिच्याखाली सतत झुळझुळणारे सूर उरलेल्या बोटांनी. मघाशी म्हटलं की पियानोवर मींड नाही. इथे मात्र कान फसतो. शपथेवर सांगावंसं वाटतं की सूर घसरत गेला.

आता कहाणीशी भांडण. या मैफलीविषयी जे लिहिलं जातं त्यात तिला मरणपंथाला लागलेल्या माणसाचा निरोप म्हटलं जातं. तो निरोप होता हे खरं. लिपात्ती 2 डिसेंबर 1950 रोजी जिनिव्हात वारला, म्हणजे अडीच महिन्यांनी. पण हे ठाऊक असलं की आपण सुरांऐवजी आजार ऐकू लागतो. एखादा सूर हलका पडला की हात थकला, एखादा लांबला की डोळे भरले. कान असा बनवता येतो याचा पुरावाच आहे. शोपँच्या ई मायनर कॉन्चेर्टोचं एक ध्वनिमुद्रण 1960च्या दशकात लिपात्तीचं म्हणून बाजारात आलं. लोकांनी ते वर्षानुवर्षं प्रेमाने ऐकलं. 1981मध्ये उघड झालं की वाजवणारी हालिना चेर्नी-स्तेफान्स्का ही पोलिश वादक होती. 1949च्या वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस विभागून मिळालं होतं, आणि ती पुढे 2001पर्यंत जगली. तिच्या सुरांत इतकी वर्षं लोकांनी लिपात्तीचं अकाली जाणं ऐकलं असणार. त्यात त्यांचा दोष नाही, बाईंचा तर नाहीच. वादकाच्या चरित्राला मात्र कानाच्या किती जवळ बसू द्यायचं, हा प्रश्न अशा वेळी पडतो.

म्हणून बझांसाँची मैफल मी दयेने ऐकायची नाही असं ठरवलं आहे. तिच्यात दया मागणारा एकही सूर नाही. रडवेपणा नाही, ओढून आणलेली संथ लय नाही. उलट काही वॉल्ट्झ तर जुलैच्या स्टुडिओतल्यापेक्षाही चपळ वाटतात.

वॉल्ट्झ शेवटी ठेवले होते. चौदाही, पण छापील क्रमाने नव्हे, लिपात्तीने स्वतः लावलेल्या क्रमाने. शोपँचे वॉल्ट्झ ऐकायला हलके आणि वाजवायला जड. डाव्या हाताला सतत एक खालचा सूर आणि वर दोन स्वरसमूह अशी झेप घ्यायची असते, पानामागून पान. साऱ्या संध्याकाळनंतर हे पाऊण तास करायचं म्हणजे धडधाकट माणसाचाही दंड भरून येईल. तेरा झाले. चौदावा उरला, ए फ्लॅट मेजरमधला, ओपस 34मधला पहिला. त्याची सुरुवातच तुतारी फुंकल्यासारखी दणदणीत होते, आणि शेवटाला पुन्हा सगळी ताकद लागते. तो अर्धवट जोराने वाजवता येत नाही. लिपात्तीने तो वाजवला नाही.

थोडं थांबून त्याने बाखचं एक कोराल वाजवलं. 147व्या कँटाटातलं, मायरा हेस या इंग्लिश पियानोवादिकेने पियानोसाठी उतरवलेलं, ‘जीजस, जॉय ऑफ मॅन्स डिझायरिंग’ या नावाने सर्वत्र ओळखलं जाणारं. मग तो उठला. पुन्हा कधी जाहीर मैफलीत बसला नाही.

आपल्याकडे भैरवी झाली की मैफल संपली हे गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला आधीपासून माहीत असतं. इथे तसा काही करार नव्हता. तरी ती निवड उगीच झाली नसावी. 20 मे 1935 रोजी पॅरिसमध्ये लिपात्तीने आपली पहिली मोठी मैफल केली, त्याच्या तीनच दिवस आधी त्याचे गुरू द्युका वारले होते. त्यांच्या आठवणीत त्याने त्या दिवशी सुरुवात याच कोरालने केली होती. पंधरा वर्षांच्या वाजवण्याची दोन्ही टोकं एकाच रचनेवर येऊन थांबली. लोक या योगायोगावर फार लिहितात. मला त्यात योगायोगापेक्षा शहाणपण दिसतं. शक्ती संपत आली तेव्हा त्याने सुरांची संख्या कमी केली, दर्जा कमी केला नाही. चौदावा वॉल्ट्झ कसाबसा रेटून नेला असता तर टाळ्या कदाचित जास्तच पडल्या असत्या, आणि ते त्याचं सर्वांत वाईट वाजवणं ठरलं असतं.

बझांसाँच्या प्रकाशित ध्वनिमुद्रणात ते कोराल नाही. ते ऐकायचं तर जुलै 1950चं जिनिव्हाचं मुद्रण शोधावं, सहज मिळतं. पण सुरुवात तिथून करू नका. पार्टीटाच्या आधीच्या त्या चार सुरांच्या फेरीपासून करा, मोझार्टचा मधला भाग दिवे न मालवता, हातातलं काम बाजूला ठेवून ऐका, आणि वाजवणारा आजारी होता हे कुणाला ऐकवताना आधी सांगू नका.