सहा भागांचा संसार

आम्ही दशावतारावर वाढलेली पेडण्याची माणसे. जत्रेत उशिरा उभे राहिलेले नाटक पहाटेपर्यंत चालायचे. त्यामुळे वीसेक मिनिटांत प्रेमकथेचा एक भाग आटोपतो, हे मला खरे वाटेना. मुलीने तुयेच्या घरी 'आणि काय हवं' ही २०१९ सालची मालिका लावून दिली. पहिल्या पर्वाचे भाग अवघे सहा. दिग्दर्शक वरुण नार्वेकर. जुई आणि साकेत झालेले प्रिया बापट व उमेश कामत प्रत्यक्षातही पती-पत्नी. खलनायक नाही, गैरसमजांची रांग नाही. एका भागाला एक निमित्त पुरते : पहिले घर, पहिली गाडी. मागची हकिकत दोघांच्या बोलण्यातूनच कळते. दशावतारी नटही लेखी संहितेवाचून बोलता बोलता कथा उभी करतो; पण त्याच्या हाती अख्खी रात्र, यांच्या हाती घटकाभर. रुसवे जरा लवकर मिटतात, एवढी माझी तक्रार.

घराचा भाग संपला तरी सौ. गप्पच. मग म्हणाली, "आमच्या घराक दारां नासतनाच आमी रावपाक आयिल्लीं, याद आसा?"

पुढे दारे आली ती तिच्या पाटल्या मोडून. तीस वर्षांत हा विषय आमच्यात निघाला नव्हता. त्या रात्री पुढचा भाग लावलाच नाही.