अकरा नाणी, एक साक्षीदार



भाषेच्या इतिहासाची साधने कोणती, असे विचारल्यास आपण शिलालेख, ताम्रपट, बखरी, पत्रे अशी नावे घ्याल. त्या यादीत मी तांब्याच्या एका लहानशा नाण्याची भर घालू इच्छितो. ते नाणे म्हणजे शिवराई. अनेक वर्षे मी ही नाणी जमवीत आलो आहे. परंतु माझी ओढ नाण्याच्या किमतीकडे नसून त्यावरील अक्षरांकडे आहे.

शिवराईच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. 1674 च्या राज्याभिषेकाशी निगडित असलेले हे नाणे पुढे पेशवाईतही पाडले जात होते. ठसा कारागिराने हाताने, तोही उलट्या अक्षरांत, कोरावयाचा. दोन ठशांमध्ये तांब्याची चकती ठेवून वरून घाव घालावयाचा. ठसा झिजला वा फुटला की नवा कोरावयाचा. प्रत्येक नव्या ठशाबरोबर अक्षरे नव्याने लिहिली जात, आणि तेथेच भेद शिरत. म्हणून कोठे ‘पति’, तर कोठे ‘पती’; कोठे ‘शिव’, तर कोठे ‘शीव’ वा ‘सिव’ आढळते. ‘पती’ला अशुद्ध ठरविण्याची घाई मात्र करू नये. त्या काळी व्यवहाराचे लेखन मोडीत होत असे, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद पाळला जात नाही.

मला मोह पडला तो ‘सिव’ या पाठाचा. इकारापूर्वी ‘स’चा ‘श’ व्हावा ही मराठीची प्रवृत्ती आहे. प्राकृतातील ‘सिक्ख’पासून आपले ‘शिकणे’ आले ते याच वाटेने. ‘सिव’ हे त्या प्रवृत्तीच्या उलट जाणारे रूप. माझ्या संग्रहात अशी अकरा नाणी होती आणि ती एकाच बाजारपेठेत मिळालेली होती. अकरा नाणी म्हणजे अकरा पुरावे, असे मानून मी त्या परिसराच्या उच्चाराविषयी एक निष्कर्ष काढला आणि एका परिसंवादात तो निबंधरूपाने वाचला. निबंधाचे कौतुक झाले. मीही सुखावलो.

पुढे एका संपर्क सत्रात त्या नाण्यांची मोठी केलेली छायाचित्रे मी विद्यार्थ्यांना दाखविली. वर्गात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करणारे, चाळिशीचे एक विद्यार्थी होते. ते बराच वेळ छायाचित्रे पाहत राहिले आणि संकोचाने म्हणाले, “सर, हे सगळं एकाच डायचं काम दिसतंय.” त्यांनी ‘रा’च्या कान्यापासून कडेकडे जाणारी एक बारीक रेघ दाखविली. मी तिला ओरखडा समजत होतो. ते म्हणाले, “ओरखडा असता तर खोल गेला असता. ही रेघ वर आलेली आहे. डायला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो.” काही नाण्यांवर ती रेघ आखूड होती, काहींवर लांब. तडा वाढत गेला होता. त्यावरून कोणते नाणे आधी पडले आणि कोणते नंतर, हेही त्यांनी लावून दाखविले.

माझे अकरा साक्षीदार त्या क्षणी एक झाले. एका कारागिराने एकदा कोरलेले एक अक्षर मी साऱ्या परिसराच्या तोंडी घातले होते. परिसंवादाच्या संयोजकांना पत्र लिहून मी तो निष्कर्ष मागे घेतला. पत्र लिहिणे सोपे नव्हते. तीन दिवस ते टेबलावर पडून होते.

त्यानंतर मी ठशांविषयी वाचू लागलो. यंत्राच्या टांकसाळीतही कारागिराचा हात लपत नाही, हे तेव्हा कळले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या टांकसाळीत ठशावर साल वेगळ्या पोलादी पंचाने हाताने ठोकीत. पंच तिरका बसला तर अंक पुन्हा ठोकावा लागे, आणि पहिल्या अंकाची कड मागे राही. तेथील उडत्या गरुडाच्या 1858 च्या काही एक-सेंट नाण्यांवर 8 च्या उजव्या खांद्यापाशी 7 चा कोपरा भिंगाखाली डोकावतो. असे भेद अभ्यासणारे नाण्यांच्या संख्येवर थांबत नाहीत. त्यामागचे ठसे किती, हे ते पाहतात.

आपला अभ्यासही याहून वेगळा नाही. एकाच प्रतीवरून उतरविलेल्या दहा पोथ्यांत एखादा पाठ सारखा असेल, तर त्या दहा पोथ्यांची साक्ष एकीचीच. बोलीचे नमुने गोळा करताना एकाच घरातील पाच जणांनी एक शब्द सांगितला, तर त्यावरून गावाची बोली ठरत नाही. आपण प्रकल्पासाठी वही हाती घ्याल तेव्हा नमुने किती, या प्रश्नाबरोबर ते किती ठिकाणांहून आले, हाही प्रश्न पहिल्याच पानावर लिहून ठेवावा.

ती अकरा नाणी आजही माझ्याजवळ आहेत. ती मी एकाच पाकिटात, तडा वाढत गेला त्या क्रमाने ठेवली आहेत. पाकिटावर लिहिले आहे : ‘सिव’, ठसा 1.